एका पंखाची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. आणि सात आंधळ्यांनी हत्तीचा एकेक अवयव चाचपून हत्तीविषयी सात निरनिराळी मते बनविली, ही गोष्टही आपल्याकडेच सांगतात. पहिल्या म्हणीचे तात्पर्य असे की, अंशावरून पूर्णाचे ज्ञान होते. दुसऱ्या गोष्टीचे तात्पर्य असे की, ते होत नाही. जुन्या पंडितांनी ह्या दोहोंस अनुक्रमे स्थालीपुलाकन्याय व अंधगजन्याय अशी नावे दिली, आणि प्रसंग पडेल तसा एकाचा किंवा दुसऱ्याचा आधार घेण्याची सोय आपणां सर्वांस करून ठेवली. परंतु कोणत्या प्रसंगी कोणता न्याय लावावयाचा, हे कशावरून ठरवावे? हा प्रश्न केवळ तर्कशास्त्राच्या वर्गात सोडवावयाचा नाही. आपण एकमेकांविषयी दररोज जे निवाडे करतो, त्यांचा खरेखोटेपणाच नव्हे, तर बरेवाईटपणाही ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून त्याचा विचार आम्ही येथे एका दूरच्या व अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या विषयाच्या आधाराने करण्याचे योजिले आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या, सिकाडासारख्या कीटकांचे वर्गीकरण केवळ दगडात उमटलेल्या पंखांवरून कसे करतात, हा तो विषय होय.

सिकाडा हे नाव परके असले, तरी प्राणी आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या झाडीतून जो अखंड व कर्कश असा किर्र आवाज दिवसाढवळ्या चालू असतो, तो पुष्कळदा ह्याच कीटकाचा असतो. लोक त्यासही सरसकट रातकिडाच म्हणतात. परंतु खरा रातकिडा निराळा. तो टोळाच्या गोत्रातला, आणि आपले पंख एकमेकांवर घासून गातो. सिकाडा हा ढेकणाच्या व माव्याच्या गणातला. तोंडाच्या टोकदार नळीने झाडाचा रस शोषणारा, आणि नराच्या पोटाच्या बुडाशी असलेल्या ताणलेल्या पडद्यांच्या कंपनाने आवाज करणारा. म्हणजे रातकिड्याचे गाणे त्याच्या पंखांत असते, सिकाड्याचे नसते. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पंखाची साक्ष कोठवर चालते, हे पाहताना त्याचा उपयोग होईल.

कीटक मेला म्हणजे त्याचा मऊ देह लवकरच कुजून जातो, किंवा एखादा पक्षी वा मासा तो गिळून टाकतो. पंख मात्र कोरडा, कठीण व खाणाऱ्यास नकोसा असतो. तो गळून संथ पाण्यावर तरंगतो, तळाच्या बारीक गाळात बसतो, वर गाळाचे थर साचतात, आणि गाळाचा दगड झाला म्हणजे त्यात पंखाचा ठसा राहतो. ह्यामुळे प्राचीन कीटकांपैकी पुष्कळांविषयी आपल्या हाती एका पंखापलीकडे काहीच लागलेले नाही. परंतु हा पंख म्हणजे नुसता पडदा नव्हे. त्यात शिरांचे जाळे असते, आणि त्या शिरांचा क्रम, त्यांच्या फाट्यांच्या जागा व त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा ह्या त्या त्या कुळाच्या ठरलेल्या असतात. कॉमस्टॉक आणि नीडहॅम ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९८-९९ मध्ये निरनिराळ्या गणांतील पंखांची तुलना करून असे दाखविले की, फुलपाखरू, माशी व सिकाडा ह्यांचे पंख दिसावयास कितीही भिन्न असले, तरी त्यांतील मुख्य शिरा मूळच्या एकाच आराखड्याच्या आहेत. तेव्हापासून पंखाचे शिराजाल हे वंशावळीच्या पत्राप्रमाणे वाचण्याची रीत रूढ झाली.

आता ह्या वाचनाचा एक जुना खटला पाहू. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधील स्टोन्सफील्ड येथील दगडात एका मोठ्या रुंद पंखाचा ठसा सापडला. हा दगड जुरासिक काळातील, म्हणजे सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचा. ब्रिटिश म्युझियममधील आर्थर गार्डिनर बटलर ह्यांनी १८७३ साली त्यास ‘पॅलिऑन्टिना ऊलिटिका’ असे नाव दिले आणि तो जगातील सर्वांत प्राचीन फुलपाखराचा पंख होय, असे जाहीर केले. पंखाचा आकार त्रिकोणी, विस्तार मोठा, ठेवण डौलदार. पाहणाऱ्यास फुलपाखरू आठवावे हे साहजिकच होते. परंतु लगेच १८७५ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल स्कडर ह्यांनी अश्मीभूत फुलपाखरांवरील आपल्या ग्रंथात ह्या मतास हरकत घेतली व हा पंख सिकाड्याच्या गोत्रातील आहे असे प्रतिपादिले. वाद तेथे मिटला नाही. पुढे १९०६ ते १९०८ ह्या काळात ऑस्ट्रियाचे आंटोन हांडलिर्श ह्यांनी अश्मीभूत कीटकांचा जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ह्या कीटकांचे एक स्वतंत्र कुल मानून ते पुन्हा फुलपाखरांच्याच गणात बसविले. शेवटी अधिक पंख सापडले, त्यांच्या शिरा एकमेकांशी ताडून पाहिल्या गेल्या आणि पुढे देहासकट नमुनेही मिळाले, तेव्हा स्कडर ह्यांचा पक्ष खरा ठरला. आज हे कुल निर्विवादपणे सिकाड्याच्या नातलगांत गणले जाते.

एका पंखास फुलपाखराचे म्हटले काय किंवा सिकाड्याचे म्हटले काय, त्यात एवढे बिघडले ते काय, असे कोणी विचारील. बिघडले ते असे. मोठी फुलपाखरे म्हटली की त्यांच्याबरोबर फुले आली. आणि फुलझाडांचे निश्चित अवशेष तर त्यानंतरच्या क्रिटेशस काळातील थरांत मिळतात. तो पंख खरोखरच फुलपाखराचा असता, तर फुलांपूर्वी कित्येक युगे फुलपाखरे काय करीत होती, ह्याचे उत्तर देण्यासाठी वनस्पतींच्या इतिहासाची फेरमांडणी करावी लागली असती. उलट रस शोषणारा कीटक म्हटला की त्यास फुलांची गरज उरत नाही. फुले न येणारी त्या काळची झाडे त्यास पुरेशी होतात. म्हणजे एका ठशास दिलेले नाव त्या ठशापुरते राहत नाही. त्याच्या मागोमाग एक सबंध जग उभे राहते, आणि नाव चुकले तर ते सगळे जग चुकीचे उभे राहते.

ह्या शास्त्राच्या इतिहासात दुसरे एक उदाहरण आम्हांस विशेष आदरणीय वाटते. ऑस्ट्रेलियातील विख्यात कीटकशास्त्रज्ञ टिलयार्ड ह्यांनी क्वीन्सलँडमधील इप्सविच येथील ट्रायासिक काळच्या एका पंखास १९१६ साली ‘डन्स्टानिया’ हे नाव देऊन त्यास फुलपाखरांच्या गणात घातले. आणि दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, आपले मत स्वतःच मागे घेऊन त्यास ढेकणांच्या गणात नेले. आपण लावलेला शोध आपल्याच हाताने खाली उतरविणे हे किती कठीण असते, हे ज्याने एखादे मत छापून प्रसिद्ध केले आहे त्यास सांगावयास नको.

पंखाच्या साक्षीला आणखीही मर्यादा आहेत. पुढचा व मागचा पंख वेगवेगळे सापडल्यास एकाच प्राण्याच्या दोन जाती कल्पिल्या जाण्याचा संभव असतो. दगड दाबला वा ताणला गेला म्हणजे पंखाचा आकार बदलतो. इतकेच नव्हे, तर एकाच कीटकाच्या डाव्या व उजव्या पंखांतही शिरांच्या जोडणीत थोडाबहुत फरक असू शकतो. चीनमध्ये दाओहूगौ येथील जुरासिक थरांतून ह्या कुळातील पुष्कळ नमुने मिळाले, तेव्हा पूर्वी निराळ्या मानलेल्या काही जाती मुळात एकच आहेत, असे संशोधकांच्या ध्यानात आले. त्याच दाओहूगौच्या दगडात टोळवर्गातील एका कीटकाचा पंख मिळाला. त्यावरील घासण्याच्या दात्यांची मापे घेऊन त्याच्या गाण्याचा स्वर सुमारे ६.४ किलोहर्ट्‌झचा असावा, असे शास्त्रज्ञांनी २०१२ साली काढले. साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी विरलेला सूर पंखावरून परत मिळाला! परंतु सिकाडासदृश कीटकांच्या पंखावरून तसे करता येत नाही, कारण त्यांच्या वंशात गाणे पंखात नसते. पंख त्यांचे कुल सांगतो, गाण्याविषयी मौन धरतो. साक्षीदार प्रामाणिक असला, तरी जे त्याने पाहिलेच नाही ते त्याच्याकडून वदवून घेणे हा साक्षीदाराचा नव्हे, न्यायाधीशाचा दोष होय.

हा विषय केवळ परदेशाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या नाशिकचा खडक म्हणजे लाव्हारसाचा थिजलेला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर असा पसरला, आणि अशा अग्निजन्य खडकात कीटकाच्या पंखाचा ठसा मिळण्याची आशा करणे व्यर्थ आहे. परंतु एक थर थिजून दुसरा येईपर्यंत जो काळ जाई, त्यात कोठे कोठे तळी साचत व त्यांत गाळ बसे. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशाच गाळात, १८४५ साली नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांना कीटकांचे अवशेष मिळाले. आणि अँड्र्यू मरे ह्यांनी १८६० साली लंडनच्या भूविज्ञान परिषदेच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे भुंगेऱ्यांचे कठीण वरचे पंख होते. येथेही देह गेला, पंख उरला, आणि पंखावरूनच नाव ठरले. तसेच जी गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तीच पुढे सिरोंच्याच्या बाजूस कोटा येथील जुरासिक चुनखडीच्या मुलखातून जाते, आणि त्या चुनखडीत मासे व कीटक ह्यांचे ठसे मिळालेले आहेत.

गोदावरीच्या उगमाकडच्या आमच्या ह्या जिल्ह्यातही नावाचा असाच एक प्रश्न उपस्थित झाला होता, तो मात्र हत्तीचा. निफाड तालुक्यात, गोदा व कादवा ह्यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर येथे नदीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष सापडले. भूविज्ञान खात्याचे पिल्ग्रिम ह्यांनी १९०५ साली त्यांवर निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकात त्यांनी युरोपातील प्राचीन हत्तीचे नाव घातले आणि त्यापुढे कंसात नर्मदेच्या हत्तीचे नाव लिहिले. हे दोन प्राणी एक की दोन, हा त्या काळचा वाद होता. आज नर्मदेच्या हत्तीस बहुधा स्वतंत्र जाती मानतात. आम्हांस त्या कंसाचे फार कौतुक वाटते. निर्णय तर द्यावयाचा, परंतु प्रतिपक्षाचे नाव पुसून टाकावयाचे नाही, हा विवेक त्या दोन लहानशा वक्र रेषांत सामावलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिताचा न्याय कोठे लावावा आणि आंधळ्यांची गोष्ट कोठे आठवावी? आमचे उत्तर असे आहे. एक शीत चाचपून सगळा भात शिजला असे म्हणता येते, कारण भांडे एक, पाणी एक, जाळ एक आणि तांदूळही एकाच जातीचा असतो. हत्तीच्या पायावरून सोंडेचे अनुमान होत नाही, कारण पाय व सोंड ह्यांचे प्रयोजनच भिन्न असते. पंखाच्या शिरांची ठेवण वंशपरंपरेने आलेली असते, म्हणून कुलापुरता पंख हा शितासारखा आहे. पण प्राण्याचा स्वर, रंग, राहणी ह्यांविषयी तोच पंख हत्तीच्या पायासारखा होतो. सारांश, अंशावरून पूर्णाचे अनुमान करणाऱ्याने प्रथम हे दाखविले पाहिजे की, ज्या गुणाचे अनुमान करावयाचे तो गुण व हाती असलेला अंश हे दोन्ही एकाच जाळावर शिजलेले आहेत.

ह्या शास्त्राने आपल्या मर्यादा ओळखून एक सुंदर नियम घालून घेतला आहे. नव्या जातीस नाव देताना एक ठरावीक नमुना त्या नावाचा धनी म्हणून नेमावयाचा आणि तो कोणासही पाहता येईल अशा ठिकाणी जपून ठेवावयाचा. नाव त्या नमुन्यास बांधलेले असते, नाव देणाऱ्याच्या मतास नव्हे. म्हणूनच बटलर ह्यांचे मत कोसळले, तरी ‘पॅलिऑन्टिना ऊलिटिका’ हे नाव आजही कायम आहे; बदलले ते त्याचे गोत्र. निवाडा देणाऱ्याने पुरावा आपल्या पश्चातही खुला ठेवावा, म्हणजे उद्याच्या मनुष्यास आजच्या मनुष्याची चूक दुरुस्त करता येईल, ही ह्या नियमातील नीती आहे.

ही नीती दगडातील कीटकांच्या बाबतीत पाळली गेली. जिवंत माणसांच्या बाबतीत ती पाळली गेली काय? १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त सर हर्बर्ट रिस्ले ह्यांनी नाकांची मापे घेऊन असा सिद्धांत मांडला की, ज्या जातीचे नाक अधिक रुंद त्या जातीचा सामाजिक दर्जा खालचा. ज्या गावाचे नावच लोककथेने शूर्पणखेच्या नासिकेशी जोडले आहे, त्या गावी बसून हे वाचताना हसू यावे. परंतु हसण्यासारखी ही गोष्ट नाही. कीटकाचा पंख पाहावा तसे येथे माणसाचे नाक पाहिले गेले. फरक इतकाच की, नाकाची रुंदी व समाजातील पायरी ही एकाच जाळावर शिजतात, हे कोणी दाखविले नव्हते. आपल्या मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये ह्यांनी १९३२ साली जात व वंश ह्यांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात ही मापे पुन्हा तपासली आणि महाराष्ट्रासारख्या प्रांतांत हा नियम लागू पडत नाही, असे दाखविले. पुरावा खुला होता, म्हणून हे शक्य झाले.

परंतु जेथे पुरावाच मागितला जात नाही, तेथे काय करावे? १८७१ साली इंग्रज सरकारने जो गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याने आणि त्यामागून आलेल्या सुधारित कायद्यांनी मनुष्य काय करतो हे न पाहता तो कोणाच्या पोटी आला एवढ्यावरून त्यास गुन्हेगार ठरविण्याची सोय झाली. सोलापुरास अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमातींस ‘विमुक्त’ म्हणू लागले; पण ह्या नव्या नावातही जुन्या शिक्क्याची आठवण शिल्लक राहिलीच. आमच्या ह्याच गावी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसांविषयी आतल्यांनी जो निवाडा केला होता, त्यास जन्मापलीकडे एकही आधार नव्हता. पाच वर्षे ते दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. मेलेल्या कीटकाचे गोत्र बदलावयास शास्त्रास काही दशके पुरली. जिवंत माणसास जन्मावरून दिलेला शिक्का पुसावयास मात्र शतके अपुरी पडतात. दगडावरचे नाव पुसते आणि माणसावरचे पुसत नाही, ह्यापरते आश्चर्य कोणते?

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. व्यवहारात सबंध मनुष्य पाहावयास सवड कोणास आहे? वैद्य नाडीवरून रोग ओळखतो, न्यायाधीश चार साक्षींवरून निकाल देतो, आणि आम्ही शिक्षक तर तीन तासांच्या उत्तरपत्रिकेवरून मुलाच्या बुद्धीचा आकडा ठरवितो. अंशावरून निवाडा करणे सोडले, तर जगाचा गाडाच थांबेल. हे सर्व आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे अंशावरून निवाडा करूच नये असे नाही, तर तो कोणत्या अटींवर करावा एवढेच आहे. उत्तरपत्रिकेवरून त्या दिवशी त्या विषयातील तयारी कळते. मुलाचे शील कळत नाही, आणि पुढे तो काय होईल हे तर मुळीच कळत नाही. गुणांचा आकडा एवढेच सांगू लागला तर तो शीत आहे. त्याहून अधिक सांगू लागला की तो आंधळ्याच्या हातचा पाय होतो.

शिवाय पंख वाचणाऱ्यास एक सबब आहे, ती आपणांस नाही. त्याच्यापुढे असलेला प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी मेला. त्याचे शरीर उरले नाही, त्याचे गाणे उरले नाही, त्यास हाक मारून विचारता येत नाही. पंखावर समाधान मानण्यावाचून त्यास गत्यंतरच नसते. आणि तरीही तो किती जपून बोलतो, कंस घालतो, नमुना जपून ठेवतो, स्वतःचे मत मागे घेतो! आपल्यापुढचा मनुष्य तर जिवंत आहे. त्याचा सबंध देह आपल्यासमोर उभा आहे, त्यास वाचा आहे, आणि आपण विचारले तर तो उत्तर देईल. जेथे उत्तर मिळण्याजोगे आहे तेथे न विचारता आडनावावरून, बोलण्याच्या हेलावरून किंवा अंगावरच्या कपड्यावरून निकाल देणे ह्यास अज्ञान म्हणता येत नाही. तो सरळ सरळ अन्याय होय. जो मेलेल्या पंखाशी इतक्या नम्रतेने वागतो, त्याच्याकडून जिवंत माणसाशी कसे वागावे हे शिकण्यात आपणांस कमीपणा वाटण्याचे कारण नाही.